मंडईच्या दारातली भाजी

आई,

तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला या नावानं एकदाही हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की ‘जरा ऐकता का’ म्हणायचं, नाहीतर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन नुसतं खाकरायचं, आणि तुम्ही हातातलं काम ठेवून वळून बघायचात. आता मी तुमच्यापेक्षा वयानं दुपटीहून मोठा झालोय, तेव्हा लिहायला हरकत नाही. आज सकाळी माझी सूनबाई मंडईतून आली, पिशवी खाली ठेवली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, ‘‘आज काही नव्हतंच मंडईत.’’ ती खरंच बोलत होती. दोन दिवस गाड्या आल्या नाहीत, म्हणून माल नव्हता. पण माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. ती दोनदा ‘‘चहा ठेवू का?’’ म्हणाली तेही मला ऐकू आलं नाही. तिच्या तोंडचं ते वाक्य माझं होतं. तुमच्यासमोर उभं राहून मी ते दोन वर्षं रोज बोलत आलो होतो.

माझी आई गेली त्याला वर्ष व्हायच्या आत अण्णांनी तुम्हाला नातेपुत्याहून लग्न करून आणलं. तुमचे वडील तिथं शाळामास्तर, पत्रिकेत मंगळ, म्हणून तुमचं लग्न लांबलेलं. तुम्ही एकवीस वर्षांच्या, मी एकोणीस वर्षांचा. अण्णा पन्नाशी उलटलेले. मी नुकताच मॅट्रिक होऊन गिरणीच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो होतो आणि स्वतःला फार मोठा समजत होतो. तुम्ही घरात आलात तेव्हा मी तुम्हाला वाकून नमस्कार केला. अण्णा बघत होते म्हणून केला. त्यानंतर आपण दोघं एकमेकांना अहोजाहो करत राहिलो, एखाद्या धर्मशाळेत शेजारच्या खोल्यांत उतरलेल्या माणसांसारखे.

अण्णांची मंडई तुम्ही पाहिली नाहीत. कोर्टात शिरस्तेदार होते तेव्हा रोज सकाळी ते स्वतः जायचे. पांढरी टोपी, हातात जाड कापडाची पिशवी, आणि प्रत्येक ओळीतून एक फेरी झाल्याशिवाय काही घ्यायचं नाही. घरी आले की पिशवी माझ्या आईपुढं उलटी करायचे आणि एकेक वस्तू दाखवून ती कुठल्या मळ्यातली, का घेतली, ते सांगायचे. आपल्या घरातल्या बायका मंडईत जात नसत. पेठेतल्या विणकरांच्या बायका खुशाल तेलुगूत भांडत, टोपल्या डोक्यावर घेऊन जायच्या-यायच्या. आपल्याकडे मात्र बायकांनी पिशवीतून निघेल ते शिजवायचं अशी रीत. दारावर येणाऱ्या माळणीकडून घ्यायलाही अण्णांची मनाई होती, कारण दारावरची भाजी मंडईत उरलेली असते असं त्यांचं ठाम मत. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्यांनी पेन्शन घेतली आणि एक दिवस ती पिशवी माझ्या हातात दिली. ‘‘ऑफिसातून येताना वाटेवरच आहे. बघून आणत जा.’’

बघून आणत जा. आई, मला त्या पिशवीची लाज वाटायची. इस्त्रीचा कोट, पायात नवे पंपशू, आणि काखेत भाजीची पिशवी. पहिल्याच आठवड्यात मी मेथीच्या दोन जुड्या घेऊन निघालो होतो, तर चौकात आमचे हेडक्लार्क भेटले. पिशवीच्या तोंडातून बाहेर आलेला पाला बोटानं हलवून सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘काय राव, आज मेथी वाटतं? लग्नाआधीच संसाराला लागलात!’’ बरोबरचे दोघे हसले. एवढंच झालं. एवढ्याशा गोष्टीवर मी मनाशी ठरवून टाकलं की पिशवीतून बाहेर डोकावेल असं काही घ्यायचं नाही. पालेभाजी बंद. लांब शेंगा बंद. शिवाय आत गेलं की पायाखाली चिखल, कुजलेल्या पाल्याचा थर, माणसांची रेटारेटी, आणि भाव करायचा म्हणजे चारचौघांत तोंड उघडायचं. मंडईच्या दारातच गोणपाटाच्या सावलीत एक म्हातारी बसायची. तिच्यापुढं तीन ढीग असायचे. दुधी, वांगी आणि लाल भोपळा. मी पिशवी पुढं करायचो. ती विचारायची, ‘‘काय भरू, सायेब?’’ मी म्हणायचो, ‘‘भर काहीतरी.’’ दुधी लांब असला तर मी तिला तो मधोमध कापायला लावायचो. पिशवीचं तोंड मिटलं की मी कुठून आलो ते कुणालाही कळायचं नाही.

घरी आलो की तुम्ही पुढं होऊन पिशवी घ्यायचात आणि उघडायच्या आधी विचारायचात, ‘‘आत काय काय आलं होतं?’’

सुरुवातीला मला वाटलं, ही चौकशी आहे. मग लक्षात आलं की तुम्हाला नुसतं ऐकायचं असतं. लहानपणी वडिलांचं बोट धरून तुम्ही नातेपुत्याच्या बाजारात जायचात, बुधवारचा बाजार की गुरुवारचा, मला आता आठवत नाही. पोत्यांवर मांडलेले वाटे, भाज्यांची नावं, कुणाकडची काकडी कडू निघते, सगळं तुम्हाला पाठ होतं. लग्न ठरलं तेव्हा वडील म्हणाले होते, ‘सोलापूर म्हणजे केवढं शहर. तिथं काय मिळणार नाही?’ आणि तुम्ही या शहरात येऊन मंडईपासून दहा मिनिटांवर राहत होतात, आणि मंडई कशी असते ते मला विचारत होतात.

‘‘काही नव्हतं,’’ मी म्हणायचो. ‘‘हेच.’’

‘‘घेवडा?’’

‘‘नाही.’’

‘‘चाकवत तरी?’’

‘‘चाकवत सोलापुरात येत नाही.’’

‘‘हे नवलच,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘आमच्या नातेपुत्याच्या एवढ्याशा बाजारात ढिगानं असतो, आणि इतक्या मोठ्या शहरात नाही?’’

‘‘शहरात असंच असतं,’’ असं मी म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. कोट काढून खुंटीला लावता लावता म्हटलं होतं. एकदा तुम्ही म्हणालात की शेजारी पडवळ शिजलंय वाटतं, वास येतोय. मी लगेच सांगितलं, त्यांच्या गावाहून आलं असेल. खोटं बोलायला मला जराही वेळ लागत नसे. आणि तुम्ही विश्वास ठेवलात. मॅट्रिक झालेला, कोट घालणारा माणूस दुधीबद्दल खोटं का बोलेल?

त्या खोट्याची किंमत मात्र मला द्यावी लागत नव्हती. ती तुम्ही ताटापाशी द्यायचात. अण्णा खाण्याचे शौकीन, आणि दिसेनासं झाल्यापासून त्यांची जीभ जास्तच कडवट झालेली. पहिला घास घेतला की ते थांबायचे. ‘‘परत दुधी?’’ मग माझ्या आईचं नाव निघायचं, ती रोज काय काय करायची ते निघायचं, आणि शेवटी, ‘‘तू काय नातेपुत्यात नुसत्या भाकरी-चटणीवर वाढलीस का?’’ तुम्ही एकदाच उत्तर दिलंत, हळू आवाजात. ‘‘मंडईत हेच मिळतं म्हणतात.’’ अण्णांनी मान माझ्याकडं वळवली. त्यांना मी धूसर दिसत असेन. ‘‘काय रे?’’ मी भाकरी मोडत म्हटलं, ‘‘हो. हल्ली आवक कमी आहे.’’ ‘‘मग आहे त्यातच काहीतरी निराळं करावं,’’ अण्णा तुम्हाला म्हणाले, ‘‘त्याला अक्कल लागते.’’

तुम्ही केलंत. दुधीच्या सालींची तीळ घालून चटणी केलीत, किसून थालीपीठ केलंत, वड्या केल्यात, भोपळ्याचे घारगे केलेत, वांग्याचं भरीत एक दिवस दह्यातलं आणि एक दिवस शेंगदाण्याच्या कुटातलं. मी पोटभर जेवायचो. जेवताना मला कधी काही टोचलं, असं आज लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. उलट तुम्हाला बोलणी बसली की मला आत कुठंतरी बरं वाटायचं. आईच्या जागेवर दुसरं कुणी आलंय आणि त्यांना ते जमत नाहीये, याचं ते बरं वाटणं होतं. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासून दुपार झाली.

आणि भोगी. दुसऱ्या वर्षीची. अण्णांनी त्यांच्या कोर्टातल्या एका वकीलमित्राला जेवायला बोलावलं होतं. तुम्ही आदल्या दिवशी सकाळी, मी ऑफिसला निघालो तेव्हा, दारापर्यंत आलात आणि बोटांवर मोजत म्हणालात, ‘‘उद्या भोगीची भाजी आहे. पावटा, ओला हरभरा, गाजर, वालाच्या शेंगा, बोरं, उसाचं एखादं कांडं. जे मिळेल ते. पण जरा बघाल का? पाहुणे आहेत.’’ संध्याकाळी मी मंडईच्या दारापर्यंत गेलो. आत माणसांचा नुसता लोंढा होता. दारातूनच मला गाजरांचे लालभडक ढीग दिसत होते, आई. हरभऱ्याच्या डहाळ्यांचे भारे दिसत होते. दोन पावलं आत टाकली असती तर हात पोचला असता. पण डहाळ्या पिशवीत मावणार नाहीत, ऊस तर नाहीच नाही, आणि माझ्या पंपांना त्याच दिवशी पॉलिश केलेलं. मी म्हातारीकडून वांगी घेतली आणि तिच्याकडे कुणीतरी ठेवून गेलेली मूठभर गाजरं घेतली. घरी येऊन सांगितलं, ‘‘भोगीची गर्दी. सगळं दुपारीच संपलं.’’

दुसऱ्या दिवशी पानं मांडली. बाजरीची भाकरी, लोणी, आणि मधे ती भाजी. अण्णांनी बोटांनी चाचपून पाहिलं, मग पाहुण्यांकडे बघून हसले. ‘‘बघा वकीलसाहेब, भोगीच्या दिवशी आमच्याकडे वांग्याची भाजी असते. आमच्या मंडळींना सणवार माहीत नाहीत. माहेरी शिकवलं नसेल.’’ पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी काहीतरी म्हणून सावरलं. तुम्ही लोण्याची वाटी घेऊन उभ्या होतात. वाटी धरलेल्या हाताचा अंगठा पांढरा पडला होता, एवढंच मला दिसलं, कारण मी वर बघितलंच नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी अण्णा सांगोल्याला नात्यातल्या मुंजीला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येणार होते. तो दुसरा दिवस रविवार होता. तुम्ही सकाळी म्हणालात की तळ्यातल्या देवळात नारळ फोडायचा राहिलाय, याल का बरोबर? अण्णा तशी परवानगी देऊन गेले होते. आपण दर्शन घेतलं, तळ्याच्या काठानं परत फिरलो, आणि पेठेकडं वळताना तुम्ही एकदम विचारलंत, ‘‘मंडई याच वाटेवर लागते ना?’’

‘‘गर्दी असते तिथं,’’ मी म्हणालो.

‘‘बाहेरूनच बघते.’’

पण तुम्ही बाहेर थांबला नाहीत. पदर नीट खोचलात आणि माझ्या पुढं चालायला लागलात. मी मागून येत होतो. त्या मेथीच्या आठवड्यानंतर मी मंडईच्या आत पहिल्यांदाच जात होतो, हे तुम्हाला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. माघातली सकाळ, आठवतंय का? सगळी मंडई ओली होती. पाणी मारलेल्या पाल्यावर ऊन पडलेलं. उजव्या हाताला करडई, शेपू, हरभऱ्याचा पाला, चुका. जुड्यांची उतरंड माणसाच्या छातीइतकी. त्यापलीकडं घेवड्याचे, पावट्याचे, हिरव्या मटारचे ढीग, पांढरे मुळे हात हात लांब. एका कोपऱ्यात नव्यानं यायला लागलेले कोबीचे गड्डे आणि तांबडी भेदरं, म्हणजे टोमॅटो, ज्यांना अण्णा विलायती म्हणून हात लावत नसत. तुम्ही एकेक ओळ शेवटपर्यंत जात होतात आणि वळून दुसऱ्या ओळीनं येत होतात. पायाखाली काय आहे ते तुम्ही पाहतही नव्हतात. फळांच्या ओळीत सांगोल्याची डाळिंबं फोडून, दाणे वर करून मांडली होती. पेरू होते, अंजीर होते, पानांत ठेवलेली रामफळं होती. तुम्ही जरा लांबच उभ्या राहिलात, तर तो बागवान हात हलवून म्हणाला, ‘‘आव अम्मा, नजदीक आव. देखने के पैसे नै लगते.’’ तुम्ही हसलात. इतकं मोकळं हसताना मी तुम्हाला आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

मग तुम्हाला चाकवत दिसला. तुम्ही खाली बसलात, एक जुडी उचललीत, नाकाशी नेलीत आणि समोरच्या बाईला विचारलंत, ‘‘हा आजच आलाय का?’’

‘‘आजच कशापायी?’’ ती म्हणाली. ‘‘थंडी पडल्यापास्नं रोज येतंय की. बक्कळ हाय. तुमी नव्या हाय व्हय सोलापुरात?’’

‘‘दोन वर्षं झाली,’’ तुम्ही म्हणालात.

तुम्ही जुडी परत जागेवर ठेवलीत. उठायला तुम्हाला वेळ लागला. माझ्याकडं बघितलं नाहीत. मी काहीतरी बोलायला हवं होतं, की यंदाच यायला लागलाय, की मी संध्याकाळी येतो तेव्हा संपलेला असतो. दोन्ही खोटी माझ्या जिभेवर तयार होती. कशी कोण जाणे, ती बाहेर पडली नाहीत. आपण दाराकडे आलो आणि तिथं म्हातारी बसलेलीच होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

‘‘सायेब, आज घरच्यांना संगं आणलं व्हय? बरं केलं.’’ मग तुम्हाला म्हणाली, ‘‘लई गुणाचं मानूस बगा, बाई. भाव करत न्हाईत, निवडत न्हाईत. आत कवा पाऊल टाकत न्हाईत. दोन वर्सं झाली, माझ्यापशीच भरत्यात.’’

ती माझं कौतुक करत होती. तिच्या धंद्यात माझ्यासारखं गिऱ्हाईक म्हणजे देवमाणूस. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. कानांत नुसता मंडईचा गलका. तुम्ही ‘बरं’ एवढंच म्हणालात, तिला की मला, कळलं नाही.

मग मीच म्हणालो, ‘‘चाकवत घेऊ. घेवडाही घेऊ. मी आणतो आत जाऊन.’’

‘‘नको,’’ तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होतो, मला तो हवा होता. ‘‘आज ते सांगोल्याहून येणार. ताटात चाकवत दिसला तर विचारतील, दोन वर्षं कुठं होता म्हणून. मग तुम्ही काय सांगाल?’’

मी म्हातारीच्या ढिगांकडे बघितलं.

‘‘दुधीच घ्या,’’ तुम्ही म्हणालात, आणि नारळाची रिकामी पिशवी माझ्यापुढं धरलीत.

त्या संध्याकाळी अण्णा प्रवासानं थकून आले होते. मुंजीतल्या जेवणाचं वर्णन करत करत पानावर बसले, पहिला घास घेतला आणि थांबले. मग जे रोज बोलायचे तेच बोलले, जरा जास्त, कारण सांगोल्याला चांगलं जेवण झालं होतं. तुम्ही वाकून त्यांना आमटी वाढत होतात. माझ्या पानाशी आलात तेव्हाही तुमचा हात नेहमीसारखाच स्थिर होता. माझं तोंड उघडलं होतं, आई. खरंच उघडलं होतं. ‘अण्णा’ असं मी म्हटलंही. ते म्हणाले, ‘‘काय?’’ आणि मी म्हणालो, ‘‘मीठ.’’

दुसऱ्या दिवसापासून मी आत जाऊ लागलो. तुम्हीच मला सांगितलंत, स्वयंपाकघरातून, पाठ माझ्याकडे करून, ‘‘एकदम नका आणू. आधी घेवडा आणा. चार दिवसांनी शेपू. चाकवत पुढच्या आठवड्यात.’’ माझी चोरी झाकायची योजना तुम्ही आखून दिलीत आणि मी ती पाळली. मग हळूहळू तुम्ही मला भाजी घ्यायला शिकवलंत. दोडक्याला नख लावून बघा. गवार मोडून बघा, कट् आवाज यायला हवा. कोथिंबिरीचा वरचा तुरा बघू नका, देठं बघा. रामफळ दाबू नका, बाकीची नासतात. मी पिशवीतून हातभर बाहेर आलेला मुळ्यांचा पाला मिरवत चौकातून यायचो. हेडक्लार्क भेटायचे, बोलायचे. लाज वाटायची ती वाटतच होती, पण आता तिच्यापेक्षा मोठी लाज माझ्याबरोबर चालत होती.

अण्णांना बदल लगेच जाणवला. पंधरा दिवसांनी चाकवताची ताकातली भाजी ओरपताना ते म्हणाले, ‘‘वा! मंडई सुधारली म्हणायची. की आमचे चिरंजीव लक्ष घालायला लागले?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘हल्ली ते फार बघून आणतात.’’ अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून तिथं आहे.

एकदा मी माफी मागायचा प्रयत्न केला. अण्णा आत झोपले होते, आपण दोघं पडवीत गवार निवडत होतो. मी म्हटलं, ‘‘तेव्हाचं ते... माझं चुकलं.’’ तुम्ही हातातली शेंग मोडलीत. मग म्हणालात, ‘‘मला वाटायचं, सोलापूरच तसं आहे. एवढं मोठं गाव, पण त्यात काही नाही. मी वडिलांना पत्रात तसं लिहिलंही होतं.’’ आणि मग, माझ्या परातीत बघून, ‘‘देठ राहतायत तुमचे. नीट निवडा.’’ त्यावर आणखी काही बोलायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. मीही सुटल्यासारखा खाली मान घालून देठ काढत बसलो.

चार वर्षं गेली. माझं लग्न झालं, माझ्या बायकोला तुम्ही हाताशी धरून सगळं शिकवलंत. मग त्या उन्हाळ्यात तुम्हाला विषमज्वर झाला. एकवीस दिवस. डॉक्टरांनी मोसंब्याचा रस तेवढा चालेल म्हटलं, आणि मी मोसंबी आणायला जायचो, रोज, एकेक हातात घेऊन, तुम्ही शिकवलं होतं तसं वजन जोखून. एका संध्याकाळी ताप जरा उतरला होता. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, ‘‘आत काय काय आलंय?’’ मी खाटेशेजारी जमिनीवर बसलो आणि पहिल्या ओळीपासून सांगत गेलो. कैऱ्या आल्यात, गुळांब्याच्या वेगळ्या, लोणच्याच्या वेगळ्या. कलिंगडांची रास दारापर्यंत आली आहे. फणस आलाय, पण एकच. तोंडली, काकड्या, शेवग्याच्या शेंगा. पाला उन्हानं कमी झालाय, पण माठ आहे, राजगिरा आहे. तुम्ही मधेच म्हणालात, ‘‘जांभळं?’’ मी म्हटलं, अजून नाही, आठवड्याभरात येतील. ते अगदी खरं होतं. जांभळं आली तेव्हा तुम्ही नव्हतात.

तेराव्याला माणसं जेवून ओसरीवर बसली होती. ते वकीलसाहेबही होते. तुमच्याविषयी बोलणं निघालं. अण्णांना आता जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘‘हाताला चव होती तिच्या, नाही म्हणायचं नाही. पण पहिली दोन वर्षं तिला काही म्हणजे काही सुचत नसे. रोज दुधी, रोज वांगं. वकीलसाहेब, तुम्हाला ती भोगी आठवत असेल. मी बोललो, चार शब्द जास्तच बोललो असेन, पण त्यामुळं शिकली.’’ वकीलसाहेब ‘हो हो’ म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पानाचं तबक घेऊन तिथंच, अण्णांच्या समोर उभा होतो. तुम्ही आता नव्हतात, त्यामुळं माझी बाजू सावरून घ्यायला कुणी नव्हतं, आणि तुमची बाजू मांडू शकेल असा त्या ओसरीवर मी एकटाच होतो. मी तबक पुढं केलं. अण्णांच्या हाताला विडा लागेल असा धरला.

हे पत्र टपालात पडणार नाही, ते उघडच आहे. उद्या बंबात घालीन. पण त्याआधी एक लिहून ठेवतो. तुम्हाला हे सगळं सांगताना मी दिवसभर स्वतःला धीट समजत होतो, आणि आता वाचून बघताना कळतंय की यात धीट काहीच नाही. तुम्हाला यातलं सगळं माहीत होतं. ज्यांना सांगायला हवं होतं ते अण्णा तुमच्यामागं अकरा वर्षं माझ्याच घरात होते. रोज दोन वेळा माझ्या शेजारी पानावर बसायचे, आणि कुणी तुमचा विषय काढला की तीच गोष्ट सांगायचे. मी प्रत्येक वेळी ऐकून घेतली. पुढं पुढं ते मधेच एखादा तपशील विसरायचे, आणि तो मी त्यांना आठवून द्यायचो.